बहिरं कोण?

“बहिरं कोण?”

माझ्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. विचारणारा नोंदणीच्या खिडकीत बसला होता, मी खिडकीबाहेर उभी होते, माझ्या मागे बाकांवर वीस-पंचवीस माणसं होती, आणि आवाज असा होता की रस्त्यावर रिक्षा पुसणारा रिक्षावाला मान वाकवून आत बघायला लागला.

मुलुंड पश्चिमेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर एका ट्रस्टचं कानतपासणी केंद्र होतं. मी नुकतीच पास झालेली ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कोणाला किती ऐकू येतं ते तपासून मशीन लावून देणारी. अंगात करकरीत पांढरा कोट होता, पर्समध्ये आईनं दिलेली साखरेची पुडी होती, आणि डोक्यात चार वर्षांच्या कॉलेजचे सगळे शुद्ध शब्द होते.

“मी नवीन ऑडिओलॉजिस्ट,” मी हळूच म्हणाले.

“आँ?”

“ऑडिओलॉजिस्ट!”

“ते बरोबर हाय. पण बहिरं कोण? तुमी, का घरचं कुणी?”

मागच्या बाकावरून एक आजी ओरडल्या, “अहो काका, ती तपासणारी बाई आहे! नवीन आलीय!”

खिडकीतल्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. साठीचा सडसडीत माणूस, परीटघडीचा पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि दोन्ही कानांमागे जाडजूड मशिनं. “मग तसं मोठ्यानं सांगा की मॅडम. इथं कुजबुजायचं नाही. इथं आमी सगळे बहिरे.” त्यांनी हॉलवरून हात फिरवला. “काय?”

हॉलमधून पाच-सहा “हो” आले आणि दहा-बारा “काय म्हणाले?” आले.

एका कानतपासणी केंद्रानं खिडकीवर एक बहिरा माणूस बसवला होता. हे कोणाच्या डोक्यातून निघालं, ते मी नंतर चौकशी करून शोधलं. कोणाच्याच नाही. काका पेशंट म्हणून आले, मशीन बसवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन बाकावर बसले. काय झालं विचारलं तर म्हणाले, काही नाही, घरी नुसतं बसून काय ऐकू. मग लोकांचे फॉर्म भरून द्यायला लागले, म्हाताऱ्यांना हाताला धरून आत न्यायला लागले, आणि खिडकीतला क्लार्क सोडून गेला तेव्हा कोणी न सांगता त्या खुर्चीत जाऊन बसले. ट्रस्टच्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि पुढच्या महिन्यापासून त्यांना थोडा पगार सुरू केला.

काका मूळचे जालन्याकडचे. पस्तीस वर्षं भांडुपच्या एका कारखान्यात प्रेसवर पत्र्याचे डबे ठोकले. तो कारखाना आता नाही, तिथे टॉवर उभे आहेत. “दर चार सेकंदाला एक ठोका,” काका सांगायचे. “कानात कापूस घालायचो. कापूस राहिला, कान गेले.” आणि स्वतःच हसायचे. दर सोमवारी सकाळी खुर्चीत बसल्यावर ते मशीनची नवी बॅटरी काढायचे, तिच्यावरचं चिकट कागदाचं टिकलीएवढं झाकण सोलायचे आणि ती टेबलावर ठेवून घड्याळाकडे बघत बसायचे. त्या बॅटरीला हवा लागावी लागते, मिनिटभर थांबलं तर ती जास्त चालते. तेवढ्यात कोणी काही विचारलं तर हात वर करायचे. “थांबा. तिला श्वास घेऊ द्या.”

काकांना नीट ऐकू येत नसल्यानं आपली तक्रार प्रत्येकाला ओरडून सांगावी लागायची. त्यामुळे ती सगळ्या हॉलला कळायची. आणि काकांचा खरा झगडा इथेच सुरू व्हायचा, कारण खिडकीपुढे आलेला कोणीही स्वतःला बहिरा म्हणायला तयार नसायचा.

गुजराती घरातली सून सासऱ्यांना पुढे करून म्हणायची, “पप्पा थोडा ऊंचा सुनते हैं.”

“कितना ऊंचा? दूसरा माला, तीसरा माला?”

भांडुपच्या एक मालवणी आजी पदर कानावर ओढून सांगायच्या, “कानात दडे बसलेत रे बाबा.”

“कधीपासून?”

“झाली असतीत आठ वर्सां.”

“आठ वर्षं बसलेला दडा उठत नसतो आजी. तो आता घरचाच झाला.”

बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ प्रत्येक वेळी इंग्रजी पेपर घडी करून काखेत मारत आणि म्हणत, “मला ऐकू सगळं येतं. शब्द तेवढे कळत नाहीत.” शास्त्राप्रमाणे हे वर्णन इतकं अचूक होतं की मी ते माझ्या वहीत उतरवून घेतलं होतं. काकांनी मात्र फॉर्मवर “तक्रार” या शब्दापुढे लिहिलं, “बहिरा.” ते सगळ्यांच्याच फॉर्मवर तेवढंच लिहायचे. बहिरा. बहिरी. एका नवरा-बायकोच्या फॉर्मवर, “दोघं बहिरे, घरात शांतता.”

“कर्णबधिर” हा सरकारी कागदावरचा शब्द आला की ते वैतागायचे. “बधिर म्हणजे काय मॅडम? दाढ काढताना इंजेक्शन देऊन करतात ते. दोन तास गाल चावला तरी कळत नाही. मी काय तसा हाय का? काढा बरं चिमटा.”

मी काढला नाही. झाडू मारणाऱ्या मावशींनी झाडू खाली ठेवून जोरात काढला.

“आई गं! बगा. अजिबात बधिर नाही.”

मी त्यांना माझं ज्ञान ऐकवलं, की काका, बहिरा हा शब्द मुळात बधिरवरूनच आलाय. संस्कृतात बधिर, तो बोलता बोलता झिजला आणि बहिरा झाला. मला वाटलं आता गप्प होतील. ते उलट हरखले. “म्हणजे घासूनपुसून तयार झालेला माल! मग गुळगुळीत सोडून कडा टोचणारा काहून वापरायचा?”

मी मात्र खरोखर अस्वस्थ होते. कॉलेजात आम्हाला पहिल्याच वर्षी बजावलेलं होतं की पेशंटला बहिरा म्हणायचं नाही. आमच्या मुलुंडच्या घरात आजोबांना शेवटची दहा वर्षं काहीच ऐकू येत नव्हतं, पण आजीनं तो शब्द एकदाही उच्चारला नाही. “ह्यांचं लक्ष नसतं,” असं ती म्हणायची. आणि इथे हा माणूस भर हॉलमध्ये “बहिरं कोण?” असं विचारतोय, बायकामाणसांच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणतोय. तिसऱ्या महिन्यात मी स्वतःच्या हातानं एक सूचना लिहिली आणि खिडकीच्या वर चिकटवली. “कृपया ‘बहिरा’ हा शब्द वापरू नये. ‘श्रवणदोष असलेली व्यक्ती’ असे म्हणावे.”

काकांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून, मान उलटी करून ती वाचली. रागावले नाहीत. पुढच्या नंबरला नाहूरच्या एक काकू होत्या. काका त्यांना अतिशय आदरानं म्हणाले, “काकू, श्रवणदोष असलेली व्यक्ती आपणच का?”

“काय?”

“श्रवणदोष! श्रवणदोष असलेली व्यक्ती!”

काकूंचा चेहरा लालबुंद झाला. “सर्वदोष? माझ्यात सर्व दोष आहेत? कोणी सांगितलं? सुनेनं ना?” आणि मागे उभ्या असलेल्या सुनेकडे वळून म्हणाल्या, “घरी बोलतेस ते बोलतेस, इथे पण लिहून दिलंस?”

सून रडायला लागली, हॉलमधले निम्मे लोक भांडण सोडवायला उठले आणि उरलेले निम्मे काय झालं म्हणून विचारायला लागले. मी कोट सावरत धावत बाहेर आले आणि काकूंना समजावलं, पण मीसुद्धा श्रवणदोषच म्हणत होते आणि त्या दर वेळी जास्त चिडत होत्या. शेवटी काकांनी खिडकीतून आवाज दिला, “काकू, बहिऱ्या हाय का तुमी?”

“हो मग! नाहीतर इथे कशाला आले असते?”

सूचना मी संध्याकाळी काढली. पण माझा अपमान झाला होता. दुसऱ्या दिवशी मी ट्रस्टच्या डॉक्टरांकडे लेखी तक्रार दिली. पेशंटच्या खाजगी गोष्टी सगळ्यांसमोर बोलल्या जातात, भाषा असंस्कृत आहे, असं बरंच काही लिहिलं. “असंस्कृत” हा शब्द मी लिहिला होता, तो मला अजून आठवतो. डॉक्टरांनी तक्रार मान्य केली. खिडकीवर कॉम्प्युटर आला, त्यामागे एक हळू आवाजाची, नीटनेटकी मुलगी आली, आणि काका आतल्या खोलीत लोकांची मशिनं साफ करायला बसले.

 पण त्या दिवशीही दुपारी डबा उघडल्यावर काकांनी बायकोनं केलेला ठेचा नेहमीसारखा माझ्या झाकणात काढला. मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, “काका, मी तक्रार केली.”

“माहीत हाय.”

“राग नाही आला?”

“आला की. ठेचा घ्या.” मग भाकरी मोडत म्हणाले, “मॅडम, मी नऊ वर्षं लपवलं होतं. कारखान्यात, घरात, सगळीकडं. कुणी काही बोललं की हो हो म्हणायचं, मान हलवायची, हसायचं. माझी पोरगी दहावीचा निकाल घेऊन आली. बाबा, पहिल्या वर्गात पास झाले. मी काय म्हणलो असेल? ‘उद्या आणतो.’ मला वाटलं वही मागतीय. ती आत गेली, उशीत तोंड घालून पडली. मग बायको आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणली, तुमी बहिरे झालात. ते मी तिच्या ओठावर वाचलं. बरं वाटलं मला. नऊ वर्षांत कुणीतरी तोंडावर बोललं.”

“पण काका, तो शब्द लोक शिवीसारखा वापरतात.”

“वापरतात ना. आमच्या गावात आमच्या लोकांनाबी एक नाव होतं. गावानं दिलेलं. नुसती हाक मारली तरी अंगावर थुंकल्यासारखं व्हायचं. माझ्या आज्यानं, बापानं ते नाव टाकलं आणि स्वतः पसंत केलेलं नाव घेतलं. तेव्हापासून कुणी विचारलं कोण, तर मान वर करून सांगायचं, बौद्ध. घरात लहान पोरालाबी तेच शिकवलं, की हळू नाही सांगायचं. आता हा बहिरा शब्द. तोबी लोकांच्या हातात होता. मी तो काढून माझ्या खिशात घातला. आता मला बहिरा म्हणून कुणी चिडवून दाखवावं.”

 मी ठेचा खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटानं आलं असं सांगायची सोय होती.

खिडकी बदलल्यावर हॉल शांत झाला. मला हवा होता तसा. लोक खिडकीशी वाकून कुजबुजायचे, मुलगी कुजबुजत विचारायची, टाईप करायची. मग नाव पुकारायची, तेही अगदी मऊ आवाजात, आणि बाकावरचं कोणी उठायचं नाही. कारण ऐकू येत नव्हतं म्हणूनच तर सगळे आले होते. एका दुपारी विक्रोळीहून आलेले एक आजोबा अडीच तास बसून राहिले आणि आपला नंबर आलाच नाही असं समजून घरी निघून गेले. त्यांचं नाव चार वेळा पुकारलं होतं. पूर्वी एकमेकांना ओरडून मशिनच्या किमती, जावयाचे स्वभाव आणि गुडघ्यांची औषधं सांगणारे लोक आता आपापल्या फॉर्मकडे बघत बसायचे, जणू प्रत्येकाला काही वेगळाच आजार होता.

अशातच एक मुलगी तपासणीला आली. पंचविशीची, विक्रोळीला राहणारी, अंधेरीला एका ऑफिसात कामाला. बरोबर आई होती. मी तपासलं. उजवा कान उत्तम, डाव्या कानात काहीच नाही. लहानपणी गालगुंड झाले होते, त्यात तो कान गेला होता. अशा कानाला मशीनचाही उपयोग नसतो. आई म्हणाली, “ते आम्हाला माहितीय मॅडम. आम्हाला फक्त एक कागद पाहिजे. बोरिवलीचं स्थळ आलंय. रविवारी बघायला येणारेत. तुम्ही फक्त लिहा, किंचित कमी ऐकू येतं.”

मी तसं खोटं लिहू शकत नव्हते. मी एकतर्फी, तीव्र, श्रवणऱ्हास असे शब्द वापरून तिला समजावत राहिले आणि तिची आई प्रत्येक शब्दाला खचत गेली. मुलगी भिंतीकडे बघत होती. आपल्याबद्दल बोललं जात असताना तिथे नसल्यासारखं बसायची तिला सवय होती, हे दिसत होतं.

इतक्यात साफ केलेली मशिनं ट्रेमध्ये घेऊन काका आत आले. तिघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि सवयीनं विचारलं, “बहिरं कोण?”

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मुलीनं वर्गात करतात तसा हात वर केला होता.

“मी.” आणि ती हसायलाच लागली.

“कुठला?”

“डावा.”

“एकच? मग तुझी तर चैन हाय! झोपताना उजवा कान उशीत घालायचा, सगळी मुंबई बंद. रिक्षात डावीकडं बसायचं, नवऱ्याला उजवीकडं घ्यायचं. भांडण झालं की जागा बदलायची.”

मुलीची आईसुद्धा हसली. मग काकांनी मुलीला उभं केलं आणि म्हणाले, “रविवारी काय सांगणार? बोल.”

“मला डाव्या बाजूनं थोडंसं...”

“ऐकू येत नाही मला. मी बहिरा हाय. मोठ्यानं.”

“मी डाव्या कानानं बहिरी आहे!”

“हां. परत.”

तिनं ते पाच-सहा वेळा म्हटलं. प्रत्येक वेळी तिचे खांदे थोडे थोडे खाली येत गेले. बाहेर हॉलमध्ये सहाव्या वेळेला कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

आई निघताना काकांना म्हणाली, “रविवारी तुम्ही पण या.” काका माझ्याकडे वळले. “मॅडम, तुमीबी चला. कुणी शास्त्र विचारलं तर तुमी, बाकीचं मी.”

रविवारी दुपारी चार वाजता विक्रोळीच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. मुलगा, त्याची आई, त्याचे मामा, मुलीचे आईवडील, आणि कोपऱ्यात आम्ही दोघं. काकांनी बुशशर्टाला कडक इस्त्री केली होती. पोहे आले. मामांनी शिक्षण विचारलं, पगार विचारला, स्वयंपाक विचारला. मग मुलीनं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “मला एक सांगायचंय. मी डाव्या कानानं बहिरी आहे.”

मामांचा चमचा थांबला. मुलाच्या आईनं प्रसन्न चेहऱ्यानं मान हलवली.

“हो हो, बोरिवलीच,” त्या म्हणाल्या. “स्टेशनपासून दहा मिनिटं.”

मला वाटलं त्या सावरून घेतायत. मुलीनं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. “नाही, मी बहिरी आहे.”

“बोरिवली पश्चिम. रिक्षा मिळते.”

मी काकांकडे पाहिलं. आयुष्यात इतका आनंद मी कोणाच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिला असेल. ते उठले, मुलाच्या आईसमोर गेले, तोंडावर हात धरला आणि हाताआडून म्हणाले, “तुमचा मुलगा लई देखणा हाय.”

त्या नुसत्याच हसल्या. मान हलवली.

काकांनी हात काढला आणि तेच वाक्य तेवढ्याच आवाजात म्हटलं.

“हो ना,” त्या म्हणाल्या, “वडिलांवर गेलाय.”

मुलगा आईकडे बघत होता. “आई, तुला ऐकू येत नाही?”

“येतं की. तुम्ही सगळे पुटपुटता.”

“मी पण नऊ वर्षं हेच म्हणायचो ताई,” काका म्हणाले.

मामा ताडकन उठले. “आम्ही मुलगी बघायला आलोय की कान तपासून घ्यायला? काय चाललंय काय!” आणि दोघांना घेऊन ते निघालेच. मुलगा दारात थांबून मागे बघत होता, पण मामांनी दंडाला धरलं होतं. पोहे तसेच राहिले.

“लागली वाट,” मुलीची आई मटकन खाली बसली. “सगळी वाट लागली.”

मी काकांवर मनातून प्रचंड चिडले होते. पण मुलगी पोह्यांची बशी घेऊन खिडकीत बसली आणि शांतपणे खायला लागली. “मी बोलले ना पण, आई,” ती म्हणाली. “काका, तुम्ही पण घ्या. गार होतील.” काकांनी दोन बशा खाल्ल्या. घरी परतताना आम्ही रिक्षा केली. नाहूर आल्यावर ते म्हणाले, “मॅडम, चुकलं का हो माझं?” मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तरी त्या गोंगाटात त्यांना ऐकू आलं नसतं, असं मी मनाशी म्हटलं, पण ते काही खरं कारण नव्हतं.

चार दिवसांनी मी आतून हॉलमध्ये डोकावले तर खिडकीपुढे तो बोरिवलीचा मुलगा उभा होता, आईला घेऊन. कॉम्प्युटरवाली मुलगी मऊ आवाजात विचारत होती, “तुम्हाला काय त्रास होतोय?” आणि त्या बाई हसून मान हलवत होत्या. मुलगी परत विचारत होती, त्या परत हसत होत्या. त्या हसण्यात केवढी भीती होती, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. आमच्या आजोबांचंही हसणं तसंच होतं.

मी आतल्या खोलीत गेले आणि काकांच्या हातातला ब्रश काढून घेतला. “चला,” मी म्हटलं. “खिडकीत बसा.”

“आणि तुमची तक्रार?”

“मी मागे घेतली.” अजून घेतली नव्हती. त्या संध्याकाळी घेतली.

काका खिडकीत आले. बाईंनी त्यांना ओळखलं आणि चेहरा आक्रसला. काकांनी दोन्ही कोपर टेबलावर टेकले, पुढे वाकले आणि त्यांच्या डोळ्यांत बघून, पण अगदी मायेनं विचारलं, “ताई, बहिरं कोण?”

बाईंनी मुलाकडे पाहिलं. हॉलकडे पाहिलं. हॉलमधले सगळे त्यांच्याकडेच बघत होते, कारण काकांचा आवाज पुष्कळ दिवसांनी घुमला होता.

“मी,” त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, “मीच. सात वर्षं झाली.”

“बसा,” काका म्हणाले. “आमच्यात या.” आणि हॉलमधल्या एका आजींनी सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली.

आईची तपासणी झाल्यावर मुलानं मला बाजूला घेतलं. त्याला त्या मुलीबद्दल विचारायचं होतं. मामा म्हणत होते की असलं पुढच्या पिढीत उतरतं. मी तोंड उघडलं आणि माझे नेहमीचे लांबलचक शब्द जिभेवर आले. मी ते गिळले. “हे बघा,” मी म्हटलं, “लहानपणी गालगुंड झाले, त्यात तिचा डावा कान बहिरा झाला. उजवा ठणठणीत आहे. मुलांना असलं काही होत नाही.” एखाद्या माणसाबद्दल मी तो शब्द पहिल्यांदाच बोलले होते. जीभ अडखळली नाही. मुलगा म्हणाला, “एवढंच? मग मी मामांना सांगतो.” आणि जाता जाता, “ती त्या दिवशी झकास बोलली, नाही?”

काका त्यानंतर आणखी सहा वर्षं खिडकीत होते. कॉम्प्युटरवाली मुलगीही राहिली. ते ओरडून विचारायचे, ती टाईप करायची. आता ते गावाकडे असतात, लेकीनं घेऊन दिलेल्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल करतात आणि कॅमेऱ्यात नुसता कान दाखवून बोलतात. माझं बोरिवलीला स्वतःचं क्लिनिक आहे. पण मला काका आठवतात ते बोरिवलीच्या त्या मुलाच्या आणि विक्रोळीच्या त्या मुलीच्या लग्नातले.

घाटकोपरच्या हॉलबाहेर संध्याकाळी वरात आली. काकांना दोन्ही बाजूंचं आमंत्रण होतं, त्यामुळे ते कधी मुलीकडच्यांत तर कधी मुलाकडच्यांत दिसत होते. मुलाच्या आईच्या कानामागे नवं मशीन होतं आणि त्यावरून त्यांनी गजरा वळवला होता. मामाही आले होते, थोडे लांब उभे होते. बेंजो सुरू झाला तसा काकांचा चेहरा वेडावाकडा झाला. “डोक्यात पत्रा आपटतोय,” ते ओरडले, दोन्ही कानांतली मशिनं उपसली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली. “सांभाळा!”

आणि गर्दीत घुसले. मशिनं चालूच होती. मुठीत कोंडल्यावर ती शिट्ट्या मारायला लागली. मी मूठ जितकी घट्ट करावी तितकी ती जास्त केकाटायची, आणि मी एकटीच हसत उभी होते. समोर काका नाचत होते. डोळे मिटलेले, हात वर, पांढऱ्या बुशशर्टावर गुलाल. ताशा थेट छातीत वाजतो, त्याला कान लागत नाहीत, असं ते म्हणायचे ते मला तेव्हा पटलं.

मध्येच फोटोग्राफरनं हात वर केला. नवरा-नवरीचा फोटो घ्यायचा होता. बेंजो थांबला, ताशा थांबला, सगळे नाचायचे थांबले आणि घाम पुसायला लागले. काकांना ते कळलंच नाही. ते एकटेच त्या शांततेत नाचत राहिले, एक पाय पुढे, दोन मागे, ठेका जराही न चुकवता. कोणीतरी त्यांना थांबवायला पुढे झालं. नवरीनं त्याचा हात धरला. ताशावाला पोरगा काकांच्या पायांकडे बघत होता. त्यानं हळूच काठ्या उचलल्या, दोन ठेके मनातल्या मनात मोजले, आणि काकांच्या पावलांवरून ताल उचलून वाजवायला सुरुवात केली.